वाढ: खाली

उतारावर आधी राडारोडा होता,
कुणाच्या तरी न्हाणीच्या निळ्या फरशा, खिडकीचे गज,
फाटक्या गादीतला भिजका कापूस.
तो उचलण्यातच दोन महिने गेले.
मग लाडक्या वरठा आला,
भांडुपच्या त्या उघड्या टेपावर पाय दाबून उभा राहिला
आणि म्हणाला, टाच रुततेय. अजून नाही.

मी उद्यान खात्यातली. माझ्याकडे कागद होता:
क्षेत्र तेवीस गुंठे, प्रजाती स्थानिक,
उद्दिष्ट जलवाहिनीवरची माती थांबवणे.
त्याच्याकडे गोणपाट होतं.
त्यात पवना, मारवेल, थोडी कुसळी,
पाड्यामागच्या टेकडीवर ओंजळओंजळ ओरपलेली,
वर्षभर माळ्यावर निजवलेली.
ताजं बी हट्टी असतं, बाई.
त्याला एक उन्हाळा दाखवायला लागतो.

मग आम्ही उतार तुडवला.
मी, लाडक्या, त्याची सून यमुना, पंपहाऊसचे इब्राहिमभाई,
एका ओळीत, खांद्याला खांदा.
खालच्या सोसायटीला वाटलं असेल, काहीतरी नाच आहे.
बी राखेत कालवून भिरकावलं.
त्यावर बाभळीची एक फांदी ओढली,
तेवढंच पांघरूण. नखभर मातीही त्याला जड होते.

खत? मी विचारलं.
खत घाल, तो म्हणाला,
टाकळा जेवेल, गाजरगवत जेवेल,
तुझं गवत पंगतीबाहेर उभं राहील.

पहिल्या वर्षी टाकळाच माजला.
सोनटक्के साहेब गाडीतून उतरले, नाकाला रुमाल.
हे काय? रोल मिळतात लॉनचे,
सकाळी अंथरा, संध्याकाळी हिरवं.
मी वाकून टाकळा दुभंगला,
केसाएवढी तीन पाती दाखवली.
साहेबांचा चष्मा गाडीत राहिला होता.

टाकळा उपटायचा नाही, छाटायचा,
पोराच्या डोक्यावरून हात फिरवावा तितक्या उंचीवर.
उपटला की शेजारचं पोरही हातात येतं.
छाटलेल्या कोवळ्या पाल्याची यमुनानं लसूण घालून भाजी केली.
पहिल्या वर्षाचं उत्पन्न ते.

एकच रोप लाडक्यानं मुद्दाम उकरून दाखवलं.
वर बोटभर पान,
खाली मूळ कोपरापर्यंत, आणि तेही तुटलेलं.
रजिस्टरमध्ये प्रगतीच्या रकान्यात
मी लिहिलं: वाढ, खाली.
हेड ऑफिसनं लाल शाईत विचारलं, म्हणजे?

दुसऱ्या वर्षी, फाल्गुनात, वरच्या वाटेवरून
कुणीतरी विडी टाकली.
मी पोचले तेव्हा सगळा उतार तव्यासारखा.
लाडक्यानं राख बाजूला केली,
ठोंब चिमटीत दाबला, मला दाबायला लावला.
आत ओलं होतं.
तरीही मी साइटच्या खोलीत जाऊन रडले. ते रजिस्टरमध्ये नाही.

तिसऱ्या वर्षी गवत कमरेला लागलं.
कार्तिकात तांब्याचा रंग चढला, मनोल्या आल्या.
कापणीचा नियम लाडक्याचाच:
बी गळू द्यायचं, मग विळा.
वीतभर बुडखा ठेवायचा.
अर्धा उतार यंदा, अर्धा पुढच्या साली,
सगळ्यांची घरं एकदम पाडायची नाहीत.
जोगेश्वरीच्या तबेल्याचा टेम्पो आला, चाळीस भारे गेले.

लाडक्या आता नवव्या मजल्यावर राहतो.
पाड्यामागची टेकडी रस्त्यासाठी कापली.
परवा तो रिकामं गोणपाट घेऊन आला,
आमच्या उतारावर वाकला
आणि ओंजळओंजळ ओरपू लागला.
कुठे पेरणार, मी विचारलं नाही.
त्यानंही सांगितलं नाही. गोणपाट पाऊण भरलं.

घरी आले तर साडीच्या काठाला कुसळंच कुसळं.
वेचायचा कंटाळा आला, साडी बादलीत टाकली.
रात्री पाणी प्यायला उठले,
दिवा लावला,
तर बादलीत एकेक कुसळ ओलं होऊन
हळूहळू पीळ सोडत फिरत होतं,
टोक खाली करून,
प्लास्टिकच्या तळाशी
माती चाचपत.